मण म्हणजे किती किलो? आधी सांगा, कोणाचा मण

(पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण हिशेब मात्र कागदावर करून बघा.)

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने आता सगळ्यांना पाठ झालंय. फलाटावरच्या बाकड्यावर बसून लोक फोटोही काढतात. पण या हद्दीवर माणसांपेक्षा जास्त गोंधळ वजनांचा उडतो. कापसाच्या हंगामात आपल्या बाजूला भाव क्विंटलचा बोलतात. पलीकडे उच्छल, निझर, सागबाऱ्याकडे तोच भाव मणाचा असतो. आणि जिनिंगच्या फाटकातून आत गेलात की रुईचा भाव खंडीचा. कापूस एकच, आणि त्याला तीन तराजू.

गुजरातेतला व्यापारी "दीड हजार चाललाय" म्हणतो तेव्हा तो वीस किलोच्या मणाचा भाव सांगत असतो. पाचाने गुणा, साडेसात हजार क्विंटल झाले. हे गुणाकाराचं काम आपला शेतकरी चटकन करतो. पण त्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, मण म्हणजे किती? तो सांगेल चाळीस शेर. चाळीस शेर म्हणजे सदतीस किलो आणि वर तीनशे चोवीस ग्रॅम. मग वीस किलोचा मण कुठून आला? आणि जुन्या कागदांत मुंबईचा मण म्हणून जो सापडतो तो तर २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलो. एकाच नावाची तीन वजनं, आणि सगळ्यात मोठं सगळ्यात लहानाच्या जवळजवळ तिप्पट.

माझी सगळी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली, इतिहास शिकवण्यात नाही. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून नाही, वह्यांतून लागला. जुन्या हिशेबाच्या वहीत "ज्वारी मण ६" असं लिहिलेलं दिसलं की पहिला प्रश्न पडतो, तोलाचा मण की मापाचा? तोलाचा असेल तर चाळीस शेर. मापाचा असेल तर पायल्यांचा, कुठे बारा पायल्यांचा तर कुठे सोळा. पायली चार शेरांची, पण हा शेर वजनाचा नव्हे, भांड्याचा. त्याच्या खाली मापटं, चिपटं, कोळवं, निळवं, प्रत्येक वेळी निम्मं. आता ज्वारी आणि तूर एकाच भांड्याने मापली तर वजन सारखं भरेल का? म्हणून जो कोणी तुम्हाला "जुना एक मण म्हणजे अमुक किलो" असं एका ओळीत सांगतो, त्याला आधी गाव, माल आणि साल विचारा.

हे निम्म्या-निम्म्याचं प्रकरण फार जुनं आहे बरं का. सिंधू संस्कृतीची दगडी चौकोनी वजनं सापडली आहेत. त्यांतलं नेहमी सापडणारं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं, आणि लहान वजनांत दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट अशी चढण. कारण साधं आहे. हातात फक्त तराजू असेल आणि एकही प्रमाण वजन नसेल, तरी ढिगाचे दोन समान भाग कोणालाही करता येतात. दोन्ही पारडी सारखी झाली की काम झालं. दहा समान भाग करून दाखवा बघू! आपला पावशेर, अर्धा पावशेर म्हणजे नवटाक, शेराचे सोळा छटाक, रुपयाचे सोळा आणे, हे सगळं त्याच अकलेतून आलेलं आहे. (नवटाक हा शब्द आज फक्त एका विशिष्ट दुकानात जिवंत आहे, तो भाग सोडा.)

सोनाराकडचं कोष्टक त्या मानाने टिकून राहिलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. गुंज म्हणजे ती लाल-काळी बी, सातपुड्यात वेलीवर हवी तेवढी मिळते. तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज मात्र आपल्याकडे पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. म्हणजे आजीची पाच तोळ्यांची पाटली आजच्या भाषेत ५८.३ ग्रॅम, पाऊणेसहा तोळ्यांच्याही थोडी वर. वाटणीच्या वेळी घरात भांडण लागलं तर ही ओळ दाखवा.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. वजनांचं रूपांतर हे गणित वाटतं, पण त्यातली मेख गणितात नाही. मेख आहे ती घ्यायचं माप कोणतं आणि द्यायचं कोणतं यात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात वजनमापांचा अध्याय आहे. तिथे द्रोण नावाचं धान्याचं माप येतं, आणि ते एक नाही, चार आहेत. सरकारी कोठारात येणाऱ्या धान्यासाठी २०० पलांचा द्रोण. बाजारात व्यवहाराला १८७॥ पलांचा. नोकरचाकरांना द्यायला १७५ पलांचा. आणि अंतःपुरातल्या वाटपाला १६२॥ पलांचा. नाव चौघांचंही द्रोणच. म्हणजे रयतेने एक द्रोण भरला तेव्हा २०० पलं गेली, आणि त्याच कोठारातून चाकराला एक द्रोण मिळाला तेव्हा हाती १७५ आली. वहीत दोन्हीकडे "द्रोण १". हिशेब चोख, एक पैसा खोटा नाही. आठवा हिस्सा मात्र मधल्या मध्ये राहिला.

पण कौटिल्याला शिव्या घालायच्या आधी हेही बघा, की त्याने हे लपवलेलं नाही. ग्रंथात आकड्यांसकट लिहिलंय. शिवाय बाजारातली वजनं दर चार महिन्यांनी तपासून शिक्का मारून घ्यायची, शिक्का नसेल तर सव्वासत्तावीस पण दंड, आणि या तपासणीसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी. राज्याचं माप मोठं असेल, पण ते मोठं आहे हे सगळ्यांना माहीत असेल, असा तो कारभार.

आपल्या भागात हेच वर्षानुवर्षं चाललं, फक्त उघडपणा गेला. धडगाव, अक्कलकुव्याकडची जुनी माणसं सांगतात, मी स्वतः ऐकलंय, की डोंगरातून चारोळी यायची आणि तिच्या बदल्यात मीठ जायचं. भांड्याला भांडं. माप खरं होतं का? होतं ना! एकाच भांड्याने दोन्ही मापलं. यात खोटं काय ते सांगा. अशा व्यवहारात तराजू तपासायला कितीही अधिकारी आणून बसवले तरी गुन्हा सापडणार नाही.

धान्याच्या मापात तर आणखी एक गंमत. माप सपाट भरायचं की शिगेचं? शीग म्हणजे भांड्याच्या काठावर उभा राहणारा धान्याचा शेंडा. "शिगेला पोहोचणे" आपण रोज म्हणतो, तो शब्द इथला. घेताना शीग लावून घ्यायचं आणि देताना काठाबरोबर हात फिरवून द्यायचं, एवढ्या एका हाताच्या फिरकीत सावकाराचं व्याज वसूल व्हायचं, वर कागदावरचं व्याज वेगळंच. आणि मोजणी सुरू करताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची रीत. शुभशकुन म्हणून. लाभ, दोन, तीन... ज्याला मोजणी येत नाही त्याने लाभ कुठे धरायचा? लाभ कोणाचा, हे मात्र त्याला कळत असणारच.

बरं, वजन वाढवायचं काम फक्त गावच्या सावकाराने केलं असंही नाही. नंदुरबार हे सुरत ते बऱ्हाणपूर आणि पुढे आग्रा या वाटेवरचं मोठं ठाणं. अकबराच्या काळात नंदुरबार ही माळवा सुभ्यातली सरकार होती, ऐन-इ-अकबरीत तिची नोंद आहे. इंग्रजांचा वकील टॉमस रो याच रस्त्याने गेला. १६३० च्या भयंकर दुष्काळात पीटर मंडी इथून गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नवापूरच्या सुवासिक तांदळाबद्दल लिहून ठेवलंय. १६६० च्या दशकात इंग्रजांची वखारही नंदुरबारला होती. या वाटेवर माल बैलांच्या पाठीवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा आणि प्रत्येक मुक्कामाला त्याचा मण बदलायचा.

अकबराच्या राज्याच्या सुरुवातीला शेर होता २८ दामांचा, दाम म्हणजे तांब्याचं नाणं. मग त्यानेच ३० दामांचा केला. जहांगीरने ३६ चा. शहाजहानने ४० चा. शेर चाळीस, मण एक, ही बेरीज तीच. पण अकबरी मण साधारण ५५ पौंड, म्हणजे २५ किलो, आणि शहाजहानी मण ७४ पौंड, म्हणजे साडेतेहतीस किलो. पन्नास-साठ वर्षांत मण एक तृतीयांशाने जाड झाला. हे आकडे मोरलँड या अभ्यासकाने जुन्या व्यापारी पत्रांवरून बसवलेले आहेत. त्या काळच्या किमतींची तुलना करणारे लेख वाचताना हे ध्यानात ठेवा. "अकबराच्या काळात मणाला इतकं, शहाजहानच्या काळात इतकं, पाहा महागाई" असं कोणी लिहिलं, तर त्याने मण तोच धरलाय का ते आधी बघायचं.

सुरतेचा मण वेगळा, ३७ पौंड आणि वर एक तृतीयांश. आता इथे एक सुंदर हिशेब आहे. रुईची खंडी आजही ३५५.६२ किलोची धरतात, व्यवहारात ३५६. असला विचित्र आकडा कुठून आला? ३५५.६२ किलो म्हणजे बरोबर ७८४ पौंड. जुन्या व्यापारात हिला सुरती खंडी म्हणत. ७८४ ला ३७ पूर्णांक एक तृतीयांशाने भागा, २१ येतात. म्हणजे एकवीस सुरती मण. तेच ७८४ मुंबईच्या २८ पौंडी मणाने भागा, २८ येतात. आणि इंग्रजांच्या ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटने भागा, ७ येतात. सुरतेचा दलाल, मुंबईचा शेठ आणि लिव्हरपूलचा गिरणीवाला, तिघांनाही अपूर्णांक न येता हिशेब करता येईल असा हा आकडा. गाठ बांधायचे ३९२ पौंड, म्हणजे अर्धी खंडी. हल्ली गाठ १७० किलोची धरतात, पण खंडी मात्र हलली नाही. भारतात किलो सक्तीचा होऊन साठ वर्षं उलटली, तरी खानदेशच्या कापसाचा भाव अजून सुरतेच्या मणात आणि लिव्हरपूलच्या पौंडात ठरतो.

याचा आपल्याला उपयोग काय? सांगतो. समजा तुमच्या कापसाचा उतारा ३४ टक्के आहे, म्हणजे शंभर किलो कापसातून चौतीस किलो रुई. तर एक खंडी रुईला १०४६ किलो कापूस लागला, साडेदहा क्विंटलला थोडा कमी. त्यात सरकी निघाली सुमारे ६३ टक्के, म्हणजे ६५९ किलो. आता समजा खंडीचा भाव ५५ हजार आणि सरकी ३५ रुपये किलो. सरकीचे झाले २३,०६५. दोन्ही मिळून ७८,०६५. भागिले १०.४६, म्हणजे क्विंटलला ७,४६३ रुपये. यातून जिनिंगचा खर्च, वाहतूक आणि त्याचा नफा वजा करा, उरेल तो तुमचा भाव. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, ज्या दिवशी विकायचं त्या दिवशीचे घाला. एवढं बोटांवर असलं की समोरचा "बाजार पडलाय" म्हणाला तर किती पडलाय ते त्याला विचारता येतं.

इंग्रजांनी वजनं एक करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १८३३ साली कंपनी सरकारने रुपया १८० ग्रेनचा ठरवला आणि तोच तोळा धरला. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. यात जेम्स प्रिन्सेपचा हात होता, तोच ज्याने ब्राह्मी लिपी वाचली. युक्ती खरंच चांगली होती. नाणं हेच वजन. कोणाचा शेर खोटा वाटला तर दुसऱ्या पारड्यात ऐंशी रुपये टाका, लगेच कळेल. फक्त ज्याला खोट्या शेराचा सगळ्यात जास्त फटका बसत होता, त्या सातपुड्यातल्या माणसाकडे ऐंशी रुपये एकत्र कधी असणार होते? खरं-खोटं करायचं साधनही सावकाराच्याच गल्ल्यात होतं.

पुढे १८७१ मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या काळात एक कायदा झाला. त्यात शेराचं वजन चक्क एक किलोग्रॅम ठरवलं होतं. नाव देशी, वजन फ्रेंच. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयोचा खून झाला, कायदा कागदावरच राहिला. (खून करणाऱ्याचं नाव शेर अली. इतिहासालाही कधी कधी विनोद सुचतो.) तो कायदा तेव्हाच लागू झाला असता तर आपण आजही शेरच म्हणत असतो आणि तो किलोएवढा असता. त्यानंतर १९३९ चा कायदा आला, त्यात पुन्हा १८० ग्रेनचा तोळा, ऐंशी तोळ्यांचा शेर. शेवटी १९५६ चा वजनमाप कायदा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि १९६०-६२ च्या सुमारास जुनी वजनं बाद झाली.

हा बदल केवढा मोठा होता याचा आपल्याला विसर पडलाय. नाणं आणि वजन दोन्ही एकाच दशकात बदललं. सोळा आण्यांचे शंभर पैसे, आणि शेराचा किलो. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलो त्याच्याहून सात टक्क्यांनी मोठा. ज्याला हिशेब येतो त्याला हा सात टक्क्यांचा फरक भावात मिळवता येतो. ज्याला येत नाही त्याच्याकडून माल घेताना किलोने घ्यायचा आणि भाव शेराचा लावायचा, एवढं सोपं. कौटिल्याचा द्रोण पुन्हा आला म्हणायचं, पण यावेळी सरकारची इच्छा नसताना. आणि शब्द बघा किती चिवट! आजही भाजीवाली २५० ग्रॅमला पावशेर म्हणते. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा. निदान या एका जागी तरी गिऱ्हाईक सतरा ग्रॅमने फायद्यात राहिलं.

शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात सालदाराच्या मजुरीत धान्य असायचं. वर्षाचे अमुक मण, महिन्याच्या अमुक पायल्या. सालाचा बोल ठरायचा मापात, आणि माप भरायचं मालकाच्या खळ्यावर, मालकाच्या भांड्याने. मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला गोळीबार झाला, तो उपाशी आदिवासींच्या धान्यावरूनच. त्यानंतर अंबरसिंग महाराज आणि १९७२ ला उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी जमिनी, सालदारांची मजुरी, कर्ज हे प्रश्न रस्त्यावर आणले. त्या चळवळीबद्दल जमिनीच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच. मला मात्र वाटतं की मजुरी धान्याऐवजी रोख आणि आकड्यात मागणं, हीसुद्धा तेवढीच मोठी गोष्ट होती. रुपया शीग लावून मोजता येत नाही. १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा झाला आणि आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी आली. ती योजना कशी चालली यावर वेगळी पोस्ट होईल, इथे नको. पण खरेदीचा काटा सरकारी असावा, हे तत्त्व तिथे मान्य झालं.

आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे. ग्रॅमपर्यंत दाखवतो. मग वाद संपला का? तर तो आता वजनातून निघून ओलाव्यात गेला. सीसीआयच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्के धरतात, त्याच्यावर १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात, त्याच्यापुढे माल परत. तत्त्व म्हणून बरोबर आहे, पाण्याला कापसाचा भाव कोण देईल? आपल्या नंदुरबारच्या मिरचीचंही तेच. ओली लाल मिरची पथारीवर पडली की तिचं वजन दिवसागणिक उतरत जातं, आणि म्हणून ओलीचा भाव आणि वाळलेलीचा भाव यांची तुलनाच होत नाही. पण काट्याचा आकडा सगळ्यांना दिसतो. ओलावा मोजायचं यंत्र खरेदी करणाऱ्याच्या हातात असतं, आणि खाजगी खरेदीत तर बऱ्याचदा नुसता हातच असतो. मूठ दाबायची आणि सांगायचं, "ओला आहे, दोन किलो कडता." दोनच का? तीन का नाही, एक का नाही? शिगेवरची हाताची फिरकी आणि ही मूठ, मला तर दोन्ही हात एकाच माणसाचे वाटतात.

तेव्हा या हंगामात एवढं करा. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाची मोहोर आहे का, आणि पडताळणीचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेचं आहे, ते विचारा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावी लागते, लोखंडी वजनांची दर चोवीस महिन्यांनी. प्रमाणपत्र लोकांना दिसेल असं लावायचं असतं. मापाड्याला राग येईल, येऊ द्या. गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं पावतीवर लिहून घ्या. कडता कापला तर तो किती आणि कशाबद्दल, हेही त्याच पावतीवर.

आणि एक काम माझ्यासाठी. तुमच्या घरात लाकडी किंवा पितळी पायली, शेर, मापटं, अधोली असेल तर त्यात काठोकाठ ज्वारी भरा, मग शीग लावा, आणि दोन्ही वेळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडे खाली कमेंटमध्ये टाका. गाव आणि तालुका लिहा. अहिराणी, गुजरी, मावची, पावरी, भिलोरीत त्या मापाला काय म्हणतात तेही लिहा. माझ्याकडे आतापर्यंत चार गावांच्या पायल्या जमल्यात आणि चारही वेगवेगळ्या भरतात.